दुकानात गहू, शेतात ज्वारी

आजचा एपिसोड पुण्याच्या फ्लॅटमधून नाही, मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावातून रेकॉर्ड केलाय. मध्येच कोंबडा आरवला तर सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी मला सीलिअॅक असल्याचं निदान झालं. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की माझं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं आणि आतली बारीक लव झडते. दुधातली साखर पचवणारं एंझाइम याच लवेवर तयार होतं. त्यामुळे गव्हाबरोबर माझं दूधही बंद झालं. आतडं बरं झालं की अनेकांना दूध पुन्हा चालतं. माझं अजून तिथवर आलेलं नाही.

पुण्यात अॅप उघडलं की ग्लुटेन-फ्री ब्रेड आणि बदामाचं दूध दारात येतं. गावात किराणा दुकान एकच. बिस्किटं, टोस्ट, खारी, शेवया, नूडल्स, रवा, मैदा. मी विचारलं, "काका, ग्लुटेन नसलेलं काही आहे का?" ते म्हणाले, "कुठल्या कंपनीचं?"

घरी येऊन आजीला सगळं सांगितलं. ती हसलीच. "मंग भाकरी खा की. आमच्या येळंला चपाती सणावारालाच व्हायची."

तिच्या या एका वाक्यावर आजचा एपिसोड आहे. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. इथल्या मालदांडी ज्वारीला जीआय मानांकन आहे. मग इथल्याच दुकानात गव्हाशिवाय काही का मिळत नाही?

आधी आजाराकडे बघू. १८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी त्याचं नेमकं वर्णन केलं. हा बरा होणार असेल तर आहारानेच, हेही त्यांनी लिहिलं. पण आहारातलं नेमकं काय काढायचं, हे माहीत नव्हतं. १९२४ साली अमेरिकेत सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवलं. मुलं सुधारली, आणि श्रेय केळ्याला मिळालं. खरं कारण ताटात काय वाढलं हे नव्हतं, काय वाढलं नाही हे होतं.

ते ओळखलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. ब्रेडवर त्यांचा संशय युद्धाआधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सचा अन्नपुरवठा तोडला. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले, हजारो माणसं मेली. ब्रेड जवळजवळ नाहीसाच झाला, आणि त्या उपासमारीत डिकेंचा संशय आणखी पक्का झाला. युद्धानंतर त्यांनी मुलांच्या आहारात गहू देऊन आणि काढून मोजमाप केलं आणि १९५० साली प्रबंधात ते मांडलं. आम्हा इंजिनिअरांच्या भाषेत, एकेक गोष्ट बंद करून बग शोधला.

आता भाकरीकडे येऊ. "आपलं मूळचं अन्न ग्लुटेन-फ्रीच होतं" असे मेसेज तुम्हालाही आले असतील. ते पूर्ण खरं नाही. पुणे जिल्ह्यात इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उत्खननात सापडली. त्यांचं मुख्य पीक होतं जव, म्हणजे ग्लुटेनवालं धान्य. खपली गहूही दख्खनमध्ये जुनाच. आणि हो, खपलीतही ग्लुटेन असतं, तिच्या जाहिरातींवर जाऊ नका. उलट ज्वारी, बाजरी, नाचणी ही तिन्ही मूळची आफ्रिकेतली. इथल्या कमी पावसाच्या जमिनीत ती रुजली आणि आपली झाली. दूध सोडल्यावर ज्या शेंगदाण्याच्या कुटावर माझी आमटी चालते, तो शेंगदाणा तर दक्षिण अमेरिकेतून आला.

मग चित्र पालटलं कधी? मोठा बदल गेल्या साठ-सत्तर वर्षांतला. अन्नटंचाईच्या काळात अमेरिकेतून पीएल-४८० कराराखाली गहू येऊ लागला. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं मागवलं. हरितक्रांती झाली, पंजाब-हरियाणाचा गहू रेशनमधून गावोगाव पोचला. त्याने कोट्यवधी लोकांची भूक भागली, हे विसरून चालणार नाही. पण स्वस्त गव्हाबरोबर मानही आला. पाहुण्याला चपाती, घरच्यांना भाकरी. चपाती डब्यात मऊ राहते, भाकरी थापायला हात लागतो आणि ती गरमच खावी लागते. मैद्याची बिस्किटं दुकानात महिनोन् महिने टिकतात. ज्वारी मात्र घरच्या कणगीतली, ती दुकानात कशाला कोण ठेवेल?

म्हणजे दुकान रिकामं असलं तरी गाव रिकामं नव्हतं. मी भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, जवसाची आणि कारळ्याची चटणी यावर खूश होतो. तरीही आठवड्याभरात पोट पुन्हा बिघडलं.

मग बग शोधायला बसलो. पहिला संशयित गिरणी. आमच्या आधी कुणाचा तरी गहू दळला होता, त्याचं पीठ ज्वारीत उतरलं. ग्लुटेन-फ्री म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि गिरणीत तर आधीचं मूठभर पीठ सहज राहतं. दुसरा संशयित हिंग. बाजारातला बांधानी हिंग बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळून करतात. आणि आजीच्या प्रत्येक आमटीत हिंग!

हे सांगताना मला वाईट वाटलं. आजीचा चेहरा उतरला. "म्हंजी मीच तुला आजारी पाडलं?" मी नाही म्हणालो, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने काकांना माळ्यावरचं जातं खाली काढायला लावलं. टाकी लावून घेतली, म्हणजे दगडाचा जुना पृष्ठभाग निघून नवा आला. धुऊन वाळवलं आणि घरात जाहीर केलं, "ह्यात गहू पडायचा न्हाई." हिंगाची डबी शेजारी गेली, फोडणीत लसूण वाढला. आता सकाळी अर्धा तास मी दळतो आणि मग स्टँडअप कॉलला बसतो. दंड भरून येतात, पण पोट शांत आहे.

होळीला घरात पुरणपोळ्या झाल्या. आजीने पोळ्या लाटायच्या आधीच माझं पुरण वेगळं काढलं आणि तांदळाच्या उकडीत भरून वाफवलं. वर तुपाऐवजी नारळाचं दूध. वाढताना म्हणाली, "सण हाय, भाकरी कशी वाढू?"

तुमच्या घरी कुणाला हा त्रास असेल तर एवढंच करा: धान्याइतकीच गिरणीची आणि हिंगाच्या डबीची चौकशी करा. आणि तपासणीच्या आधी मनानेच गहू सोडू नका, रक्ततपासणीत आजार दिसेनासा होतो. आधी डॉक्टर, मग भाकरी.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तो ऐका, कोंबडा आरवलाच!