कंपवाताची न नोंदलेली बाजू : नाव, नोंद आणि दैनंदिन जीवन (विशेष संदर्भ : धाराशिव जिल्हा)

प्रस्तावना :
आपल्याकडे रोगांचा इतिहास हा प्रामुख्याने साथींचा इतिहास म्हणून लिहिला गेला. प्लेग, पटकी, देवी यांनी गावे ओस पाडली, म्हणून त्यांच्या नोंदी झाल्या. जो आजार एकाच माणसाला वर्षानुवर्षे हळूहळू जखडत जातो, त्याला दप्तरात जागा मिळाली नाही. पार्किन्सन्स अर्थात कंपवात हा असाच आजार होय. त्यातील जे डोळ्यांना दिसते त्यालाच नाव मिळाले आणि रुग्णाचे रोजचे हाल त्या नावाआड राहिले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नाव आणि वास्तव :
चरकसंहितेतील वातविकारांच्या यादीत 'वेपथु' म्हणजे कंप आढळतो. सन १८१७ मध्ये लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी अवघ्या सहा रुग्णांवरून आपला निबंध लिहिला. त्यांतील काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले होते. बद्धकोष्ठता, झोपमोड, लिहिताना हात न वळणे यांचा उल्लेख त्यात आहे. शीर्षकात मात्र कंपच आला. पुढे फ्रेंच वैद्य शार्को यांनी, सर्वच रुग्णांना कंप नसतो हे ओळखून, आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. मराठीत 'कंपवात' हाच शब्द रूढ राहिला. त्यामुळे ज्याचा हात थरथरत नाही पण पाऊल उचलत नाही, त्याचे 'वय झाले' एवढ्यावरच घरचे थांबतात.

हे हाल बारीकसारीक असतात. भाकरी थापताना हाताची लय तुटते. सदऱ्याची गुंडी लागत नाही. अंगणात नीट चालणारा माणूस उंबरठ्यापाशी खिळून उभा राहतो. रात्री कूस बदलण्यासाठी कुणाला तरी उठवावे लागते. चेहऱ्यावरचे भाव गोठतात, तेव्हा नातवंडांना आजोबा रागावलेले वाटतात. लाळ गळते म्हणून लग्नाच्या पंगतीला जाणे बंद होते, आणि त्याचे कारण कुणाला सांगितले जात नाही. अक्षर बारीक होत जाते. लेखकाच्या नात्यातील एका निवृत्त शिक्षकांची सही बँकेतील नमुना सहीशी जुळेना, आणि आयुष्यभर मुलांना अक्षर शिकवणाऱ्या या गृहस्थांवर अंगठा देण्याची वेळ आली. कंपापेक्षा हेच त्यांना अधिक लागले.

नोंद आणि कायदा :
सन १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १८८१ ते १९३१ या काळातील जनगणनांत वेड, मूकबधिरता, अंधत्व आणि कुष्ठरोग एवढीच व्यंगे मोजली गेली. २००१ च्या जनगणनेत हालचालीचे अपंगत्व विचारले गेले. परंतु सकाळी चालणारा आणि दुपारी न चालणारा माणूस कोणत्या रकान्यात लिहावा? मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १४,०१० लोकांत ४६ रुग्ण आढळले होते. घरोघर विचारले म्हणून ते सापडले, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत या आजाराचे नाव नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकारांची संख्या २१ केली आणि त्यात पार्किन्सन्सचा स्पष्ट उल्लेख आला. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. म्हणजे पार्किन्सन यांच्या निबंधानंतर बरोबर दोनशे वर्षांनी.

गोळीचे घड्याळ :
आजारावरील मुख्य औषध लेव्होडोपा. आपल्या बांधावर वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत हे द्रव्य असल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच दाखविले होते. रुग्णांसाठी त्याचा परिणामकारक वापर मात्र १९६७ च्या सुमारास अमेरिकेत कोट्झियास यांच्या प्रयोगांनंतर सुरू झाला. गोळीचा अंमल काही तासांचा असतो. ती दूध वा वरणासोबत घेतल्यास अनेकांना कमी लागू पडते. आजार जुना झाला की हे तास आखडत जातात आणि घराचा सारा दिवस गोळीच्या वेळांना बांधला जातो.

प्रमाणपत्राच्या तपासणीतही हीच अडचण येते. उमरगा किंवा परांड्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी निघालेला रुग्ण प्रवास झेपावा म्हणून गोळी वेळेवर घेऊन निघतो. डॉक्टरांसमोर तो बऱ्यापैकी चालून दाखवतो. परतीच्या एस.टी.च्या पायरीशी मात्र त्याचा पाय उचलत नाही, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडते, 'अहो, चढा की लवकर!'