जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय

‘बाल्टिमोरचे हॉपकिन्स’ म्हणजे अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील, १८८९ मध्ये सुरू झालेले रुग्णालय. ही संस्था ना-नफा तत्त्वावर चालते, म्हणजे तिला भागधारक नसतात आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम उपचार, अध्यापन व संशोधन यांकडेच वळते. व्यापारी जॉन्स हॉपकिन्स यांनी मृत्युपत्राने ठेवलेले सत्तर लाख डॉलर विद्यापीठ आणि रुग्णालय यांत समान वाटले गेले. मात्र या ठेव्यातील रेल्वे कंपनीच्या समभागांचे उत्पन्न आटल्याने नियोजित वैद्यकीय महाविद्यालय रखडले. ते १८९३ मध्ये उघडले याचे श्रेय प्रामुख्याने मेरी गॅरेट यांना द्यावे लागते, कारण तीन लाख डॉलरहून अधिक देणगी देताना त्यांनी स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा आणि प्रवेशार्थी आधीच पदवीधर असावा, अशा अटी घातल्या व विश्वस्तांकडून त्या मान्य करवून घेतल्या. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियातील केवळ स्त्रियांसाठीच्या महाविद्यालयातून पदवीधर झाल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या अटींचे मोल कळते. विल्यम ऑस्लर यांनी येथे विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून रुग्णाच्या खाटेपाशी आणले, तर पदवीनंतर रुग्णालयातच राहून वर्षानुवर्षे अनुभव घेणाऱ्या ‘निवासी डॉक्टरां’ची पद्धत येथेच रुजली. गरीब रुग्णांना वर्णभेद न करता मोफत उपचार मिळावेत, असे संस्थापकाने लिहून ठेवले होते. तरीही कृष्णवर्णीयांचे कक्ष विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेगळेच राहिले, आणि संस्थेच्या कोणत्याही गौरवात हे झाकले जाऊ नये.