मदनलालची जबानी

२० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी दिल्लीच्या बिर्ला भवनात प्रार्थना चालू असता मागील भिंतीपाशी गनकॉटनचा स्फोट झाला. भिंतीची नासधूस झाली. माणूस कोणी दगावले नाही. दोनच दिवसांपूर्वी उपवास सोडलेल्या गांधीजींचा आवाज क्षीण होता. तरी त्यांनी लोकांस शांत बसावयास सांगितले व प्रार्थना पुढे चालविली. स्फोट घडविणाऱ्या तरुणास एका बाईने पाहिले होते. तिने तो दाखवून दिला, आणि मदनलाल पाहवा हा पश्चिम पंजाबातील माँटगोमेरी जिल्ह्यातून उखडून आलेला निर्वासित, अंगावर हातबाँब असतानाच, पोलिसांच्या हाती पडला. गांधीजींचा खून झाला तो ३० जानेवारीस. मधले दहा दिवस मदनलाल कोठडीत होता आणि बोलत होता. तो नेमके काय बोलला, ते कोणी लिहून घेतले, आणि लिहिलेला कागद कोठे जाऊन थांबला, ह्या प्रश्नांची सविस्तर चौकशी व्हावयास पुढे वीस वर्षांच्या सुमारास काळ जावा लागला.

लाल किल्ल्यात १९४८ साली खटला चालला तेव्हाच हे सारे बाहेर कसे आले नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ह्याचे कारण कायद्यात आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून घ्यावयाचा नाही, असा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील २५ व्या कलमाचा दंडक होता. २०२४ साली तो कायदा जाऊन नवा आला, त्यातही हा दंडक कायम ठेवलेला आहे. पोलिसांच्या धाकाने वदविलेल्या शब्दांवर कोणास फाशी जाऊ नये, हा त्यामागील हेतू. हेतू उत्तमच, पण त्याचा एक परिणाम असा होतो, की कोठडीतील प्रश्नोत्तरे तपासाच्या डायरीत जातात आणि डायरी दप्तरात जाते. न्यायाधीश आत्माचरण ह्यांनी १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालपत्रात पोलिसांच्या ह्या दहा दिवसांतील शैथिल्याविषयी कडक शब्द लिहिले. परंतु त्यांच्यापुढचा प्रश्न आरोपी दोषी आहेत की नाहीत हा होता, पोलीस कोठे चुकले हा नव्हे. डायरी पुन्हा दप्तरात गेली.

ती बाहेर निघाली पुण्यातील एका समारंभामुळे. जन्मठेपेची शिक्षा भोगून गोपाळ गोडसे व विष्णु करकरे ऑक्टोबर १९६४ मध्ये सुटले. १२ नोव्हेंबरला पुण्यात त्यांच्यासाठी सत्यविनायकाची पूजा झाली, आणि तेथे ‘केसरी’चे माजी संपादक ग. वि. केतकर ह्यांनी, नथुरामाच्या मनातील बेत आपणांस आधी ठाऊक होता, असे उघडपणे सांगितले. केतकर म्हणजे लोकमान्यांचे नातू. त्यांचे शब्द वाऱ्यावर जाणारे नव्हते. वर्तमानपत्रांत काहूर उठले, विधिमंडळात व संसदेत प्रश्न झाले. मार्च १९६५ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला, आणि नोव्हेंबर १९६६ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती जीवनलाल कपूर ह्यांनी ते काम हाती घेतले. आयोगाने १०१ साक्षीदार तपासले, ४०७ दस्तऐवज पाहिले आणि १९६९ साली आपला अहवाल दिला.

न्यायमूर्ती कपूर ह्यांच्यापुढे जे काम होते ते न्यायाधीशाचे कमी आणि इतिहाससंशोधकाचे अधिक होते. बखर आणि अस्सल पत्र ह्यांत जो भेद संशोधक करतो, तोच त्यांस पदोपदी करावा लागला. साक्षीदार वीस वर्षांनी बोलत होते. जो तो आपल्या वर्तनाचा बचाव करीत होता. सरदार पटेल व बाळासाहेब खेर तर ह्या जगात राहिले नव्हते. उरले होते कागद. पण कागदही निर्दोष नसतो. डायरी त्याच रात्री लिहिली, की घात झाल्यावर अंग झाकण्यासाठी मागाहून तीत ओळ घातली, हे शाई सांगत नाही.

आता कोठडीतील गोष्ट. पहिल्याच रात्री मदनलालने एवढे सांगितले, की तो एकटा नाही. बरोबर आणखी मंडळी होती आणि ती दक्षिणेकडची, मराठी माणसे होती. पोलीस त्यास घेऊन मरीना हॉटेलात गेले. चाळीस क्रमांकाच्या खोलीत ‘एस. देशपांडे’ व ‘एम. देशपांडे’ अशी नावे देऊन दोन गृहस्थ उतरले होते. ते निघून गेले होते. खोलीत हिंदुमहासभेचे आशुतोष लाहिरी ह्यांच्या एका पत्रकाची टंकलिखित प्रत सापडली. त्या पाहुण्यांनी धुण्यास दिलेले कपडेही पुढे पोलिसांस मिळाले, त्यांवर ‘एन. व्ही. जी.’ अशी परटाची खूण होती. नथुराम विनायक गोडसे ह्या नावाची ती आद्याक्षरे. देशपांडे नाव धारण करणाऱ्याच्या सदऱ्यावर ‘जी’ हे अक्षर कोठून आले, हा प्रश्न एखाद्या चाणाक्ष फौजदारास तेव्हाच पडावयास हवा होता.

पण खरा धागा दोन शब्दांत होता. पहिला शब्द एका माणसाचे नाव. मदनलाल निर्वासितांच्या छावणीमुळे नगर जिल्ह्यात आला होता आणि नगरास विष्णु करकरे ह्यांच्या आश्रयास राहिला होता. करकरे नगरात खाणावळ व उतारूंसाठी गेस्ट हाउस चालवीत. हिंदुमहासभेचे कार्यकर्ते म्हणून तेथील पोलिसांस चांगले परिचित होते. मदनलालने नाव घेतले ते त्यांचे. दिल्लीच्या कागदावर मात्र ते ‘किरकरी’ असे काहीसे उतरले. ह्यात लबाडी पाहण्याचे कारण नाही. बोलणारा पंजाबी, लिहिणाराही बहुधा पंजाबी, आणि दिल्ली पोलिसांचे लिखाण त्या काळी उर्दूत चाले. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. ‘कर’, ‘किर’ आणि ‘कुर’ ही तिन्ही तेथे सारखीच दिसतात. नगरच्या कोणत्याही शिपायाने ते नाव ऐकताच घर दाखविले असते. दिल्लीत ते केवळ एक विचित्र परदेशी नाव होते.

दुसरा शब्द ह्याहून मोलाचा. बरोबरच्या मंडळींपैकी एक जण एका मराठी पत्राचा संपादक आहे, असे मदनलालने सांगितले. दिल्लीच्या कागदांत ते पत्र कोठे ‘हिंदु राष्ट्रीय’ असे आले आहे, तर कोठे ‘अग्रणी’ असे. ‘अग्रणी’ हे पुण्याचे पत्र. १९४७ साली ते नाव सोडून ‘हिंदु राष्ट्र’ ह्या नावाने निघू लागले. संपादक नथुराम गोडसे, चालक नारायण आपटे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याप्रमाणे मुद्रक-प्रकाशकांची नावे तेव्हा प्रत्येक अंकावर छापावी लागत, आणि त्याविषयीचे निवेदन मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत नोंदलेले असे. म्हणजे ज्या माणसास दिल्लीचे पोलीस अंधारात चाचपडत शोधीत होते, त्याच्या पत्राचा अंक पुण्यात चार पैसे टाकून कोणासही मिळत होता. पुण्यास एक तार गेली असती, तर नाव, पत्ता आणि चेहरा ओळखणारा माणूस इतके सारे दिल्लीस मिळू शकले असते. तशी तार गेली नाही.

ह्याच वेळी जबानीचा दुसरा अर्धा भाग मुंबईत एका प्राध्यापकाच्या मुखात होता. रुइया कॉलेजातील डॉ. जगदीशचंद्र जैन ह्यांनी निर्वासित म्हणून मदनलालला आपली पुस्तके विकावयास देऊन चार पैसे मिळवून दिले होते. जानेवारीच्या मध्यास मदनलालने त्यांच्यापाशी गांधीजींच्या प्रार्थनासभेत बाँब टाकण्याचा बेत बोलून दाखविला. जैनांस ती तरुणाची बढाई वाटली. २१ तारखेस वर्तमानपत्रात मदनलालचे नाव वाचताच ते मुख्य प्रधान खेर व गृहखात्याचे मंत्री मोरारजी देसाई ह्यांस भेटले. मोरारजींनी त्याच सायंकाळी अहमदाबादेस जाताना मुंबई सेंट्रल स्टेशनवर खास शाखेचे डेप्युटी कमिशनर जमशेद नगरवाला ह्यांस बोलावून करकरे ह्यांस पकडण्यास सांगितले. जैनांच्या सुरक्षिततेसाठी त्यांचे नाव मात्र सांगितले नाही. ह्या एका सौजन्याची किंमत मोठी पडली. तपास करणाऱ्या अधिकाऱ्यास मूळ माणसास भेटून, तो आणखी काय म्हणाला, कोणाकोणाविषयी म्हणाला, हे विचारताच आले नाही. नगरवालांनी नंतर असा समज बांधला, की हा कट गांधीजींस पळवून नेण्याचा आहे. आयोगाने ह्या समजाबद्दल त्यांस दोष दिला आहे, आणि तो अनाठायी म्हणवत नाही.

दिल्लीहून दोन पोलीस अधिकारी २१ तारखेस विमानाने मुंबईस आले. त्यांनी बरोबर काय आणले, ह्यावर आयोगापुढे सर्वांत मोठा वाद माजला. दिल्लीकर सांगत, की पत्राच्या संपादकाचा उल्लेख असलेले टिपण आम्ही नगरवालांस दाखविले. नगरवाला सांगत, की करकरेखेरीज दुसरे नाव मला सांगितले नाही. एक बाजू खरी मानली, तर मुंबईस २२ तारखेसच संपादकाचा माग लागला होता आणि तो सोडून दिला गेला. दुसरी मानली, तर दिल्लीने तो शब्द स्वतःपाशीच ठेवला. कसेही धरले तरी पुण्याच्या पोलिसांस कोणी विचारले नाही, एवढे निर्विवाद उरते. ते दोघे अधिकारी दोनतीन दिवसांत दिल्लीस परतले. कानपूरमार्गे निघालेले गोडसे-आपटे २३ तारखेस मुंबईत उतरले होते.

२४ तारखेस दिल्लीत मदनलालची विस्तृत जबानी पुरी झाली. योगायोग असा, की पुण्याच्या गुप्त पोलीस खात्याचे प्रमुख, डेप्युटी इन्स्पेक्टर जनरल राणा, त्याच सुमारास एका परिषदेसाठी दिल्लीत होते. ज्या शहराच्या पत्राचा उल्लेख जबानीत होता, त्या शहराच्या गुप्त पोलिसांचा मुख्य अधिकारीच समोर उभा! २५ तारखेस ती जबानी त्यांच्या हाती देण्यात आली. विमानाने ते त्याच दिवशी मुंबईस पोचते, निदान टेलिफोनने पुण्यास दोन शब्द कळविते. ते आगगाडीने, आणि तीही अलाहाबादवरून, निघाले व २७ तारखेस मुंबईस आले. नगरवालांशी त्यांचे बोलणे झाले. दिल्लीस टेलिफोनही झाला. परंतु पुण्याकडे त्या दिवशी कोणतीही धावपळ झाल्याचे दिसत नाही. त्याच २७ तारखेस गोडसे व आपटे खोटी नावे देऊन मुंबईहून विमानाने दिल्लीस गेले. रात्री त्यांनी ग्वाल्हेरची गाडी धरली. पिस्तूल तेथे मिळाले.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. घटना घडून गेल्यावर सर्व खुणा ठळक दिसतात. जानेवारी १९४८ मधील दिल्ली निर्वासितांनी भरलेली होती, दंग्यांनी पोळलेली होती. पोलीस अपुरे होते. एका संतप्त निर्वासिताचे माथेफिरू कृत्य असे त्या स्फोटाकडे पाहणे सोपे होते, आणि माणूस सोपे तेच पाहतो. पटेलांनी बिर्ला भवनावरील पहारा वाढविला होता. प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घ्यावी असेही त्यांनी सुचविले. गांधीजींनी ते साफ नाकारले. झडती नाही म्हटल्यावर, ओळखणारी माणसे दारात उभी करणे हा एकच उपाय उरत होता. ती माणसे पुणे आणि नगर येथील पोलीस ठाण्यांत होती, आणि त्यांना बोलावणे पाठविण्यास जो शब्द पुरेसा होता तो २४ तारखेपासून तरी सरकारी कागदावर निश्चित होता.

खुनानंतर तपासास जी गती आली ती विलक्षण आहे. नथुराम जागीच पकडला गेला, त्यामुळे नाव शोधावयाचे राहिले नव्हते, हे खरे. शस्त्रांचा व्यापार करणारा दिगंबर बडगे ३१ जानेवारीस पुण्यात हाती लागला आणि पुढे माफीचा साक्षीदार झाला. गोपाळ गोडसे ५ फेब्रुवारीस पकडले गेले. आपटे व करकरे १४ फेब्रुवारीस मुंबईच्या एका हॉटेलात सापडले. ज्या करकरे ह्यांचे नाव २० जानेवारीच्या रात्री वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले गेले होते, त्यांच्यापर्यंत पोलीस पोचावयास पंचवीस दिवस लागले.