टेम्सकांठचीं मैलागटारें आणि जीर्णोद्धाराचा अर्थ

कोल्हापूरच्या शिलाहारांच्या दानलेखांत देवालयाच्या 'खंडस्फुटितजीर्णोद्धारा'साठीं भूमि दिल्याचे उल्लेख आढळतात. त्यावरून जीर्णोद्धार म्हणजे भंगलेलें सांधणें, हा अर्थ मनांत ठसतो. परंतु बांधकाम शाबूत असून अपुरें पडलें, तर त्यास जीर्ण म्हणावें कीं नाहीं? या प्रश्नाच्या विचारास लंडन शहराच्या मैलागटारांचा इतिहास फार उपयोगी आहे.

इ. स. १८५८ च्या उन्हाळ्यांत टेम्स नदीची दुर्गंधी इतकी असह्य झाली कीं, तीरावरील पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडांत भिजवावे लागले. त्याच वर्षीं कायदा होऊन जोसेफ बॅझलगेट या स्थापत्यविशारदाच्या योजनेस चालना मिळाली. जुनीं गटारें दोन्ही तीरांवरून सरळ नदींत उतरत. त्यांस आडवीं छेदणारीं, नदीस समांतर अशीं सुमारें ८२ मैलांचीं विटांचीं गटारें बांधून त्यानें मैला पूर्वेकडे शहराबाहेर नेला. त्यांपैकीं एक गटार इ. स. १८७० मध्यें खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया बांधाच्या पोटांत आहे.

या योजनेंत पावसाचें पाणी व मैला हीं दोन्ही एकाच मार्गानें वाहतात. अतिवृष्टींत तुंबलेलें पाणी घरांत शिरूं नये, म्हणून नदीकडे सांडवे ठेविले होते. पुढें लोकवस्ती वाढली, मोकळी जमीन फरसबंद झाली, आणि आपत्काळासाठीं ठेविलेले सांडवे थोड्या पावसांतही वाहूं लागले. म्हणजे विटांचें काम टिकलें, परंतु ज्या हिशेबावर तें उभारलें तो हिशेब जुना झाला.

म्हणूनच इ. स. २०१६ त आरंभ होऊन इ. स. २०२५ त सर्व जोडण्या पूर्ण झालेल्या नव्या कामांत जुनीं गटारें उखडलीं नाहींत. बहुतेक नदीच्याच मार्गानें, खोल भूगर्भांत, २५ किलोमीटर लांबीचा व ७.२ मीटर व्यासाचा बोगदा खणून अधिक उपद्रवी सांडव्यांचें पाणी त्यांत वळविलें. जुने मार्ग आजही वाहत आहेत. ब्लॅकफ्रायर्स पुलानजीक या कामानिमित्त नदींत भर घालून केलेल्या नव्या बांधास बॅझलगेटचेंच नांव दिलें आहे.

तात्पर्य, जीर्णता केवळ वास्तु पाहून ठरत नाहीं; ती किती लोकांसाठीं व कोणत्या मापानें बांधली, हें सांगणारा कागद हवा. नळांचे व गटारांचे नकाशे, मोजमापें, खर्चाच्या याद्या यांस राजपत्रांच्या मानानें गौण लेखण्याची रीत संग्राहकांनीं सोडावी. जमिनीखालच्या बांधकामास तोच एक साक्षीदार असतो.