धर्मश्रद्धेच्या समर्थनार्थ वैज्ञानिकांची साक्ष : अमेरिकेतील उत्क्रांतिवादविरोधी लेखनाचा ऐतिहासिक परामर्श (१९२२–१९८७)

प्रस्तावना

विज्ञान आणि धर्म यांच्या परस्परसंबंधांचा इतिहास बहुधा संघर्षाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. इ.स. १६३३ मधील गॅलिलिओवरील खटला हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. विसाव्या शतकातील अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र या संबंधांना निराळे वळण लागले. उत्क्रांतिवादाला बायबलविरोधी मानणाऱ्या लेखकांनी विज्ञानाचे प्रामाण्य नाकारण्याऐवजी वैज्ञानिकांनाच आपल्या बाजूचे साक्षीदार म्हणून उभे केले. या साक्षीचे स्वरूप काय होते आणि ती कसोटीला कितपत उतरली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बेटसन यांचे व्याख्यान

'जेनेटिक्स' ही संज्ञा रूढ करणारे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी डिसेंबर १९२१ मध्ये टोरांटो येथे अमेरिकन वैज्ञानिकांच्या परिषदेत व्याख्यान दिले. नव्या जाती नेमक्या कोणत्या प्रक्रियेने निर्माण होतात, हे अद्याप उलगडलेले नाही, अशी कबुली त्यांनी दिली. उत्क्रांती घडली याविषयी मात्र आपल्याला संशय नसल्याचेही त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले होते. विज्ञानाचे विरोधक अशा कबुलीचा लाभ उठवतील, हेही त्यांनी ओळखले होते. ही शंका लवकरच खरी ठरली. अध्यक्षपदाची निवडणूक तीन वेळा लढविलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी फेब्रुवारी १९२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील लेखात बेटसन यांचा दाखला दिला. जातींच्या उगमाचा शोध घेण्याचे सर्व प्रयत्न फसल्याचे खुद्द शास्त्रज्ञच सांगतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रतिपक्षाने दिलेली कबुली हा सर्वांत बळकट पुरावा, हा न्यायव्यवहारातील संकेत येथे उपयोगात आणला गेला. कबुलीच्या लगत असलेले विधान मात्र वगळले गेले.

डेटन येथील खटला

टेनेसी राज्याने मार्च १९२५ मध्ये शासकीय शाळांत मानवाच्या उत्क्रांतीचे अध्यापन करण्यास कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी जुलैमध्ये डेटन येथे जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. बचाव पक्षाने बोलावलेल्या वैज्ञानिकांची साक्ष ज्यूरीसमोर होऊ देण्यास न्यायाधीशांनी नकार दिला. वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी ब्रायन यांनाच साक्षीला बोलावून, त्यांचे मत मानणारा वैज्ञानिक कोण, असे विचारले, तेव्हा ब्रायन यांनी जॉर्ज मॅक्रेडी प्राइस आणि जॉर्ज फ्रेडरिक राइट ही दोन नावे घेतली. राइट हे हिमयुगाचे अभ्यासक होते आणि १९२१ मध्येच निवर्तले होते. १९२३ मध्ये 'द न्यू जिऑलॉजी' हा ग्रंथ लिहिणारे प्राइस हे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे शिक्षक असून त्यांनी भूशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. तज्ज्ञांचा दाखला आवश्यक वाटत होता. पण स्वतःचे तज्ज्ञ जवळजवळ नव्हते, ही उणीव येथे उघड झाली.

पदव्यांचे प्रामाण्य

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न पुढील पिढीने केला. जलअभियांत्रिकीतील डॉक्टरेट मिळविलेले हेन्री मॉरिस आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक जॉन व्हिटकॉम्ब यांचा 'द जेनेसिस फ्लड' हा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या 'क्रिएशन रिसर्च सोसायटी'ने मताधिकार असलेल्या सभासदासाठी विज्ञानातील पदव्युत्तर पदवी आणि श्रद्धापत्रकावरील स्वाक्षरी या दोन्ही अटी घातल्या. निष्कर्ष आधी मान्य करावयाचा आणि पदवी त्याच्या समर्थनार्थ लावावयाची, असा हा क्रम होता. दुसरीकडे मान्यवर वैज्ञानिकांचे दाखले देणे चालूच राहिले. नाइल्स एल्ड्रिज यांच्यासह १९७२ मध्ये उत्क्रांतीच्या गतीविषयी नवा सिद्धांत मांडणारे स्टीफन जे गूल्ड यांना आपली विधाने उत्क्रांतीविरुद्ध वापरली जात असल्याबद्दल १९८१ मध्ये जाहीर निषेध करावा लागला. त्यांचा वाद उत्क्रांती कशी घडते याविषयी होता. ती घडली की नाही, याविषयी नव्हता.

लिटल रॉक येथील उलटतपासणी

सृष्टिनिर्मितिवादाला उत्क्रांतीच्या बरोबरीचे स्थान देणारा कायदा आर्कान्सा राज्याने मार्च १९८१ मध्ये केला. त्याला आव्हान देणाऱ्यांत मेथडिस्ट, एपिस्कोपल व कॅथलिक धर्माधिकारी तसेच ज्यू संघटना होत्या, ही बाब लक्षणीय आहे. धर्म विरुद्ध विज्ञान असा हा सरळ सामना नव्हता. राज्याच्या बाजूने साक्ष देण्यासाठी चंद्र विक्रमसिंघे आले. जयंत नारळीकर यांचे गुरू म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेल्या फ्रेड हॉइल यांचे ते सहकारी होत. जीवसृष्टीचे मूळ अंतराळात असल्याचे त्यांचे मत होते. परंतु पृथ्वीचे वय दहा लाख वर्षांहून कमी आहे किंवा तिच्या भूरचनेचा उलगडा जागतिक महापुराने होतो, असे कोणताही विवेकी वैज्ञानिक मानणार नाही, हेही त्यांनी न्यायालयात सांगितले. त्यांना राज्याच्या बाजूने का बोलावले, हेच समजत नाही, अशा आशयाचा शेरा न्यायाधीश विल्यम ओव्हर्टन यांनी निकालपत्रात नोंदविला. ५ जानेवारी १९८२ रोजी तो कायदा रद्द झाला. लुइझियाना राज्याचा अशाच स्वरूपाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी अवैध ठरविला. त्या खटल्यात ७२ नोबेल पारितोषिकविजेत्यांनी न्यायालयास निवेदन सादर केले होते.

समारोप

उपरोक्त घटनाक्रमावरून असे दिसते की, छापील पानावरील तज्ज्ञाला उलटप्रश्न विचारता येत नाही. तेथे त्याचे नाव आणि पद शिल्लक राहते. त्याचा युक्तिवाद उरत नाही. न्यायालयात तोच तज्ज्ञ पूर्ण बोलतो, तेव्हा साक्षीचा अर्थ पालटतो. वैज्ञानिकांचे दाखले देणारे धर्मलेखन नकळत विज्ञानाचेच श्रेष्ठत्व मान्य करीत होते, हा त्यातील अंतर्विरोध होय. याहून गंभीर परिणाम विज्ञानव्यवहारावर संभवतो. आपल्या अज्ञानाची प्रांजळ कबुली शत्रूच्या हाती शस्त्र म्हणून जाणार असेल, तर अभ्यासक मौन पत्करू लागतो. बेटसन यांनी तो धोका ओळखूनही मौन पत्करले नाही. त्यांचे व्याख्यान संपूर्ण वाचणे, हाच त्यांच्या प्रांजळपणाला न्याय देण्याचा मार्ग आहे.