मार्गशीर्षातली खरेदीखतं

कऱ्हाडला दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर माझे वडील दस्त लिहायला बसत. त्यांच्या आधी आजोबा बसत, नंतर मी बसलो. आजोबांचे दस्त मोडीत, वडिलांचे बाळबोधीत, माझे टाइपरायटरवर आणि शेवटची काही वर्षं संगणकावर. पण तिघांच्या नोंदवह्या शेजारी ठेवल्या तर एक गोष्ट सारखी दिसते. आषाढ ते आश्विन पानं जवळजवळ कोरी असतात. तुळशीचं लग्न लागलं की एकेका दिवशी चार-चार खरेदीखतं.

लोक म्हणतात, चातुर्मास संपला म्हणून. ते खरं आहे, पण अर्धंच. आमच्याकडे पैसाच थंडीत यायचा. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटत आणि गुळाचा पैसा सुरू होई. पुढं साखर कारखाने आले, तेव्हा उसाची पहिली उचल. शिवाय मुंबईच्या गिरण्यांत दिवाळीचा बोनस मिळे. सातारा जिल्ह्यातली किती माणसं परळ-लालबागला होती ते आमच्या दस्तांत दिसतं: ‘लिहून घेणार’ याचा धंदा गिरणी कामगार, राहणार मुंबई, आणि घर मात्र कऱ्हाडात, बोळात, दोन खणांचं. चौरस फूट तेव्हा कुणी विचारत नसे, खण विचारत. रजा संपायच्या आत आणि पौष लागायच्या आत कागद व्हायला हवा, कारण पौष आमच्याकडे भाकड. म्हणून कागद मार्गशीर्षात आणि राहायला जाणं माघात, अशी रीतच पडली होती.

आजोबांच्या मसुद्यात चतुःसीमा लिहून झाल्या की एक ओळ हमखास येई: जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. ही भाषा इनामांच्या सनदांतली. गाव इनाम देताना जी शब्दावली वापरत, तीच दोन खणांच्या घराला लागली. मला ही ओळ फार आवडते. पुरलेलं धन कुणाला सापडलेलं मी ऐकलं नाही, पण गिरणीत रात्रपाळी करणाऱ्या माणसाला आपल्या उंबऱ्याआतल्या दगडासकट सगळं आपलं झालं, असं त्या ओळीनं वाटत असे.

कायद्याच्या तारखाही योगायोगानं थंडीतल्याच. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा, पण मुंबई इलाख्यात तो लागू झाला १ जानेवारी १८९३ ला. तोवर आपल्याकडे घराची विक्री तोंडीही चाले. पुढं शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच करायची, असं ठरलं. नोंदणीचा कायदा १९०८ चा, अंमल १ जानेवारी १९०९ पासून. त्यातली चार महिन्यांची मुदत आमच्या पक्षकारांना मोठी सोयीची होती. मार्गशीर्षात सही केलेला दस्त पार चैत्रापर्यंत नोंदणीला नेता येई.

आता थोडं कडू सांगतो. थंडी हा घर विकणाऱ्याचा हंगाम आहे, घेणाऱ्याचा नाही. दिवाळीला भिंतींना नुकताच चुना दिलेला, जमीन सारवलेली, भेंड्याच्या भिंती वाळून खडखडीत. आढ्याशी कुठं गळतं ते कसं दिसणार? वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत, ‘आषाढात हे घर बघितलंत का?’ नाही म्हटलं तर ते शेजाऱ्याकडं जाऊन पावसाळ्याची चौकशी करून यायला सांगत. त्यांच्या फीमध्ये हे बसत नव्हतं, आणि विकणारे त्यांच्यावर रागावत. माझ्या मते दस्त लिहिणाऱ्याचं ते कामच आहे.

मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा, ११ डिसेंबर १९६७ ला, सोमवारी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मार्गशीर्षच होता. पाटणच्या पलीकडं कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे पावणेदोनशे माणसं गेली. कऱ्हाडात आम्ही रस्त्यावर घोंगड्या पांघरून उजाडायची वाट पाहिली. त्याच आठवड्यात वडिलांकडं एक खरेदीखत व्हायचं होतं. इसार दिलेला होता आणि आता उत्तरेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. विकणारा म्हणाला, तो आधीचाच. घेणारा गप्प. वडिलांनी दोघांना घेऊन घर पाहिलं, किंमत कमी करायला लावली आणि दस्तात लिहिलं की उत्तरेकडील भिंतीस तडा आहे, तो लिहून घेणार यांनी समक्ष पाहिला आहे. भिंतीचा तडा खरेदीखतात आलेला मी दुसरा पाहिला नाही. त्यानंतर आमच्या पेठेत दगडमातीच्या घराला गिऱ्हाईक मिळणं अवघड झालं. जो येई तो सिमेंट आणि लोखंड विचारी.

माझ्या काळात गर्दीचं कारण पुन्हा बदललं. मुद्रांक शुल्कासाठीचे रेडी रेकनरचे दर दर १ जानेवारीला नवे लागत, म्हणून जुन्या दरात बसायला ३१ डिसेंबरला कचेरीच्या पायऱ्यांवर रांग लागे. मग पौष असो वा धनुर्मास, कुणी विचारत नसे. २०१६ पासून नवे दर १ एप्रिलला लागू करायची पद्धत आली. आता ती रांग मार्चअखेर लागते, भर उन्हात.