ती आईच होती कशावरून?

परवा जुनी हार्ड डिस्क साफ करताना पॉम्पेईचे फोटो सापडले. एप्रिल २००७. मी तेव्हा जर्मनीत शिकत होतो आणि ईस्टरच्या सुट्टीत आम्ही चौघं इटलीला गेलो होतो. मी, एक नागपूरकर, एक तमिळ मुलगी आणि एक ब्राझिलियन. चौघांचेही खिसे सारखेच रिकामे, त्यामुळे दोस्ती घट्ट!

नेपल्सहून लोकलनं पॉम्पेईला पोचलो. गाईड परवडणारा नव्हता. मग काय, एका इंग्रजी बोलणाऱ्या ग्रुपच्या मागे, आपण सहजच इकडे आलोय असा चेहरा करून चालायला लागलो. गाईडबाईंच्या ते लक्षात आलं होतं, पण बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत.

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. इथे मात्र दगडी रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या होत्या. पाय न भिजवता रस्ता ओलांडता यावा म्हणून मधोमध ठेवलेले उंच दगड होते. बेकरीत पीठ दळायची दगडी जाती होती, खाणावळीच्या ओट्यात बसवलेले रांजण होते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि हे सगळं राखेखाली गेलं. पुढे १७४८ मध्ये खोदकाम सुरू झालं. गावाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग आजही मातीखालीच आहे.

आणि मग ती माणसं दिसली. एका बागेत, काचेमागे, तेरा जण. कुणी कुशीवर, कुणी हातावर रेललेला. या काही कोरलेल्या मूर्ती नव्हेत. राख अंगावर पडून घट्ट झाली, आतला देह झिजून गेला आणि माणसाच्या आकाराची पोकळी उरली. १८६३ मध्ये फिओरेल्ली नावाच्या पुरातत्त्वज्ञानं त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायची युक्ती काढली. प्लास्टर सुकल्यावर भोवतालची राख काढली की मरतानाचा माणूस जसाच्या तसा समोर. हाडं अजून आतच असतात.

गाईडबाईंनी हातातलं पुस्तक उघडून एक फोटो दाखवला. दुसऱ्या एका घरात सापडलेली चार माणसं. त्यातल्या एकाच्या हातात सोन्याचं जड कडं आणि मांडीवर मूल. "ही आई," त्या म्हणाल्या, "शेवटच्या क्षणी बाळाला धरून बसलेली." ग्रुपमधल्या एक आजी रडायला लागल्या. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले. घर सोडून सहा महिने झाले होते.

संध्याकाळी नेपल्स स्टेशनजवळच्या बूथवरून कॉलिंग कार्ड वापरून आईला फोन लावला. सगळं रंगवून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"अरे, पण ती आईच होती कशावरून?"

"हातात सोन्याचं कडं होतं, मांडीवर मूल होतं!"

"कडं तर तुझ्या आजोबांच्याही हातात होतं."

मला राग आला. एवढं मनापासून सांगतोय आणि हिचं हे असं! कार्डातले पैसे संपत आलेत म्हणून मी फोन ठेवला. पैसे संपले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेलो. तिथे एक हस्तिदंती मूर्ती आहे, जेमतेम २५ सेंटीमीटर उंचीची. दागिन्यांनी मढलेली स्त्री आणि दोन्ही बाजूंना छोट्या सेविका. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात ती सापडली आणि लगेच तिला 'लक्ष्मी' म्हणायला लागले. आम्ही तिघं भारतीय असे काही खूष झालो की विचारू नका. ब्राझिलियन मित्राला अर्धा तास आमच्या संस्कृतीवर व्याख्यान ऐकावं लागलं.

परत जर्मनीत गेल्यावर लायब्ररीत वाचलं, तेव्हा उत्साह जरा उतरला. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. पण पुढचं वाचून मी उडालोच. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३ च्या उत्खननात हस्तिदंताची एक तुटकी मूर्ती मिळाली आणि तिची घडण पॉम्पेईच्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे! त्या काळी पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून समुद्रमार्गे पश्चिमेला. तर दुसरीकडे, पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे, म्हणून ती वायव्येकडची असावी असंही काही जण म्हणतात.

माझं आजोळ जालन्याचं. भोकरदनवरून एसटीनं कितीदा गेलो असेन! खिडकीतून पेरूवाल्याकडे बघितलं, त्यापलीकडे काही नाही. आणि नेपल्समध्ये जाऊन छाती फुगवत होतो.

असो. खरं सांगायचं ते पुढेच आहे.

गाईडबाईंनी उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट सांगितली होती. २०१८ मध्ये तिथल्या एका भिंतीवर कोळशानं लिहिलेली ओळ सापडली. तिच्यातली तारीख आपल्या हिशेबानं १७ ऑक्टोबर येते. कोळशाचं लिखाण फार दिवस टिकत नाही, त्यामुळे ते त्याच वर्षीचं असणार आणि उद्रेक त्यानंतरचा, असं आता बरेच जण मानतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी एक बातमी आली. प्लास्टरमधल्या हाडांचा डीएनए तपासला गेला. हातात कडं असलेली ती 'आई' पुरुष निघाली. मांडीवरच्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातंच नव्हतं.

बातमी वाचून पहिला विचार आला, आईला फोन करून सांगावं. आई २०१९ मध्येच गेली.

दीडशे-पावणेदोनशे वर्षं आपण त्या मुक्या माणसांना नाती वाटत आलोय. कडं दिसलं की बाई, मूल दिसलं की आई, भारतीय मूर्ती दिसली की लक्ष्मी. त्यात वाईट हेतू नसतो. आपल्याला आपलंच कुणीतरी तिथे बघायचं असतं. मीही त्या दिवशी त्या फोटोत माझीच आई शोधत होतो, आणि तिनं साधा पुरावा मागितला तर रागावलो.

पण एक विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आई असती तर बहुतेक म्हणाली असती, "मग परक्याचं पोर त्यानं मांडीवर कसं काय घेतलं असेल रे?" गुलाम होता, शेजारी होता, की धावपळीत दोघं नुसतेच एकमेकांवर पडले? उत्तर डीएनएत नाही. मीही आता स्वतःच्या मनानं ते लिहिणार नाही.

येत्या दिवाळीत जालन्याला जाणार आहे. या वेळी भोकरदनला एसटीतून उतरायचं, एवढं ठरवलंय.